कोणता रूझवेल्ट कोण? या घराण्याचा गुंता सोडवायची माझी पद्धत

अमेरिकेचा इतिहास वाचायला घेतला की रूझवेल्ट हे आडनाव इतक्यांदा समोर येतं की तिसऱ्या-चौथ्या वेळी आपण "हो हो, तोच तो" म्हणून पुढे जातो आणि तिथेच घात होतो, कारण तोच तो नसतो. मी स्वतः कितीतरी दिवस समजत होते की पहिल्या महायुद्धात विमान पडून गेलेला क्वेंटिन आणि दुसऱ्या महायुद्धात फ्रान्समधल्या नॉर्मंडीच्या ओमाहा बीचवर उतरलेला क्वेंटिन एकच माणूस. आता १९१८ साली गेलेला माणूस १९४४ साली बोटीतून कसा उतरेल? पण मी तारखा वाचतच नव्हते, नुसती नावं वाचत होते. त्यानंतर एक वही केली आणि हळूहळू एक पद्धत बसली, तीच इथे लिहितेय. ज्यांना या घराण्याबद्दल लेख लिहायचाय, कुठे बोलायचंय किंवा नुसतं स्वतःच्या डोक्यात नीट बसवायचंय त्यांना उपयोग होईल.

लागणार काय तर एक वही, आडवी धरायची, आणि पेन्सिल. पेन घेऊ नका, खोडावं लागतंच. एक्सेल शीट चालेल पण मला कागदावर बाण काढता येतात ते बरं पडतं.

आधी पान मधोमध दोन भागांत करा

डावीकडे ऑयस्टर बे, उजवीकडे हाइड पार्क. हे सगळ्यात महत्त्वाचं, याच्याशिवाय पुढे जाऊच नका. सतराव्या शतकाच्या मध्याला क्लास नावाचा एक डच माणूस न्यू अ‍ॅमस्टरडॅमला, म्हणजे आजच्या न्यूयॉर्कला आला, त्याचा मुलगा निकोलस, आणि निकोलसच्या दोन मुलांपासून दोन फांद्या फुटल्या. योहानसची फांदी पुढे लाँग आयलंडवरच्या ऑयस्टर बेशी जोडली गेली आणि तिच्यात थिओडोर झाला. याकोबसची फांदी हडसन नदीकाठच्या हाइड पार्कला गेली आणि तिच्यात फ्रँकलिन झाला. दोघं राष्ट्राध्यक्ष, पण सख्खे चुलत वगैरे अजिबात नाहीत, दोघांचा सामाईक पूर्वज शोधायला सहा पिढ्या मागे जावं लागतं. एवढ्या लांबच्या नात्याला आपल्याकडे शब्दसुद्धा नाही, भाऊबंद म्हणायचं आणि सोडून द्यायचं.

डावीकडचे बहुतेक रिपब्लिकन, उजवीकडचे बहुतेक डेमोक्रॅट. बहुतेक म्हटलंय हां. थिओडोरनेच १९१२ मध्ये पक्ष सोडून प्रोग्रेसिव्ह पार्टीकडून निवडणूक लढवली, आणि फ्रँकलिनचा धाकटा मुलगा जॉन रिपब्लिकन निघाला, त्याने १९५२ ला रिपब्लिकन उमेदवार आयझेनहॉवरला पाठिंबा दिला. असे उलटे लोक दिसले की नावाला गोल करा.

आता दोन्ही भागांना जोडणारा एक बाण काढायचा, तो म्हणजे एलिनॉर. ती थिओडोरची पुतणी, त्याच्या धाकट्या भावाची, एलियटची मुलगी. तिचं लग्न १७ मार्च १९०५ ला फ्रँकलिनशी झालं, वडील हयात नव्हते म्हणून कन्यादानाला काका उभा राहिला, तो तेव्हा राष्ट्राध्यक्ष होता. म्हणजे ती माहेरचीही रूझवेल्ट आणि सासरचीही रूझवेल्ट, आडनाव बदलायची भानगडच नाही.

नावांचे सापळे

इथे थोडा वेळ द्या, घाई केलीत तर पुढे सगळं चुकत जातं. घरात नावं पुन्हा पुन्हा ठेवायची पद्धत होती, त्यामुळे नुसतं "थिओडोर ज्युनियर" लिहून काहीही कळत नाही. राष्ट्राध्यक्ष थिओडोरच्या वडिलांचं नावही थिओडोरच (१८३१ ते १८७८), म्हणजे खरं तर राष्ट्राध्यक्षच ज्युनियर. पण तो इतका मोठा झाला की लोकांनी त्याच्या मुलाला ज्युनियर म्हणायला सुरुवात केली, मग नातू झाला तिसरा, जो हिशेबाने चौथा आहे. मी वहीत आकडे लिहीतच नाही. वडील "थी", राष्ट्राध्यक्ष "टीआर", मुलगा "टेड", असं लिहिते. थी हे घरातलंच नाव होतं, मी बनवलेलं नाही.

एलियट दोन: टीआरचा भाऊ आणि फ्रँकलिनचा मुलगा, जो आजोबांच्या नावावरून ठेवला. क्वेंटिन दोन, वर सांगितलंच, काका-पुतणे. कर्मिट दोन: टीआरचा मुलगा, आणि त्याचा मुलगा कर्मिट ज्युनियर ज्याला किम म्हणायचे, हा सीआयएमध्ये होता आणि १९५३ च्या इराणमधल्या सत्तापालटात त्याचा हात होता. जेम्स तर विचारूच नका: फ्रँकलिनचे वडील जेम्स, सावत्र भाऊ जेम्स, मोठा मुलगा जेम्स. आणि एलिनॉर रूझवेल्टसुद्धा दोन, कारण टेडच्या बायकोचं नावही एलिनॉर, एलिनॉर बटलर अलेक्झांडर. ती १९१७ मध्ये फ्रान्सला वायएमसीए या ख्रिस्ती सेवासंस्थेच्या कामासाठी गेली होती, त्यामुळे "एलिनॉर रूझवेल्ट पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये" असं कुठे वाचलंत तर ती ही, फ्रँकलिनची बायको, मानवी हक्कवाली एलिनॉर नव्हे.

उपाय सोपा आहे. प्रत्येक नावापुढे जन्म-मृत्यूची सालं आणि आईचं नाव. वडिलांचं नाव लिहून उपयोग नाही, ते तर सारखंच असतं!

मग खुर्ची शोधा

सगळे लोक त्यांच्या चरित्राप्रमाणे वाचायला गेलात तर वर्ष जाईल. त्यापेक्षा एखादी खुर्ची पकडा आणि तिच्यावर कोण कोण बसलं ते बघा. या घराण्याच्या बाबतीत ती खुर्ची म्हणजे असिस्टंट सेक्रेटरी ऑफ द नेव्ही, नौदल खात्यातला मंत्र्याच्या खालोखालचा माणूस. टीआर १८९७-९८, फ्रँकलिन १९१३ ते १९२०, टेड १९२१ ते १९२४, त्याच्या लगेच मागोमाग टीआरच्या बहिणीचा मुलगा थिओडोर डग्लस रॉबिन्सन १९२४ ते १९२९, आणि मग हेन्री लाट्रोब रूझवेल्ट १९३३ ते १९३६. चाळीस वर्षांच्या आत एका घराण्यातले पाच जण, तेही दोन्ही पक्षांची सरकारं असताना! मला घराण्याचा "वारसा" हा शब्द पहिल्यांदा इथे खरा वाटला, कारण इथे भाषण नाही, नेमणुकीचा कागद आहे.

पण खुर्ची सापडली म्हणजे काम झालं असं नाही, त्या खुर्चीत बसून केलं काय हे पण लिहा. टीआरचं उदाहरण घ्या. १५ फेब्रुवारी १८९८ ला हवाना बंदरात मेन ही युद्धनौका स्फोटात बुडाली, आणि २५ फेब्रुवारीला दुपारी नौदलमंत्री लाँग ऑफिसातून लवकर निघून गेला. हा मागे राहिलेला दोन नंबरचा माणूस, वय ३९, त्याने त्या काही तासांत हाँगकाँगला असलेल्या कमोडोर ड्यूईला तार केली की कोळसा भरून तयार रहा आणि स्पेनशी युद्ध लागलं तर फिलिपिन्सकडे बघा. लाँग दुसऱ्या दिवशी आला तर वैतागला, पण ती तार काही त्याने रद्द केली नाही. १ मे ला ड्यूईने मनिलाच्या उपसागरात स्पॅनिश आरमार संपवलं. हौशी माणसाच्या हातात अर्धा दिवस खातं दिलं तर काय होतं ते बघा. अर्थात अगदीच हौशी नव्हता, १८१२ च्या नाविक युद्धावरचं त्याचं पुस्तक १८८२ मध्येच आलं होतं.

वशिल्याचा कॉलम

हा माझा आवडता कॉलम आणि माझ्या मते याच्याशिवाय हे घराणं कळतच नाही. प्रत्येक सैनिकी नेमणुकीपुढे दोन प्रश्न लिहायचे: शब्द कोणी टाकला, आणि कुठे जायला टाकला. एरवी मोठ्या घरातला पोरगा युद्धाच्या वेळी वशिला लावतो तो मागे राहायला. इथे बरेचदा उलटं दिसतं, वशिला लावायचा तो पुढच्या फळीत जायला. वशिला तो वशिलाच, साध्या शेतकऱ्याच्या पोराला पर्शिंगला, म्हणजे पहिल्या महायुद्धातल्या अमेरिकन सेनापतीला, पत्र लिहिता येत नव्हतं, पण दिशा बघा.

१८९८ ला टीआरने नौदलाची खुर्ची सोडली आणि रफ रायडर्स, म्हणजे पहिलं स्वयंसेवक घोडदळ, त्यात लेफ्टनंट कर्नल झाला, कर्नल होता त्याचा मित्र लेनर्ड वुड. १ जुलैला क्यूबात सँटियागोबाहेरच्या टेकड्यांवर चढाई झाली. १९१७ ला अमेरिका पहिल्या महायुद्धात उतरली तेव्हा माजी राष्ट्राध्यक्ष, वय ५८, एका डोळ्याची दृष्टी व्हाइट हाउसमधल्या बॉक्सिंगमध्ये गेलेली, आणि हा तेव्हाच्या राष्ट्राध्यक्षाकडे, विल्सनकडे जाऊन म्हणतो की मला स्वयंसेवकांची एक डिव्हिजन द्या. विल्सनने नाही म्हटलं. मग त्याने पोरांसाठी शब्द टाकला. टेड आणि आर्ची यांना फ्रान्सला लवकर नेण्यासाठी जनरल पर्शिंगला, आणि कर्मिटला ब्रिटिश सैन्यात घेण्यासाठी थेट ब्रिटनच्या पंतप्रधानाला, लॉइड जॉर्जला. कर्मिट मेसोपोटेमियात लढला, मिलिटरी क्रॉस मिळाला. आर्ची जबर जखमी झाला, टेडवर गॅसचा हल्ला झाला आणि पुढे पायात गोळी लागली. धाकटा क्वेंटिन, नजर अधू असूनही वैमानिक झालेला, १४ जुलै १९१८ ला फ्रान्समध्ये शामेरी गावाजवळ त्याचं विमान पाडलं गेलं, वय २०. टीआर त्यानंतर सहा महिनेच जगला, ६ जानेवारी १९१९ ला गेला.

दुसऱ्या महायुद्धात हीच गंमत पुन्हा, आता उरलेल्या तिघांबाबत. आर्ची पहिल्या युद्धातून १०० टक्के अपंग म्हणून सुटलेला, तरी त्याने भाऊबंद असलेल्या राष्ट्राध्यक्षाकडे, फ्रँकलिनकडे शब्द टाकला, न्यू गिनीत बटालियन घेऊन लढला आणि तोच गुडघा परत फुटला, परत १०० टक्के अपंग. तिथल्या एका डोंगराला रूझवेल्ट रिज नाव पडलं ते याच्यावरून.

टेडचं तर काय सांगू. ५६ वर्षांचा ब्रिगेडियर जनरल, संधिवात, काठी घेऊन चालायचा, हृदयाचा त्रास लपवून ठेवलेला. चौथ्या डिव्हिजनमध्ये दोन नंबरला होता आणि नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर उतरणाऱ्या सैन्याच्या पहिल्याच लाटेत जाऊ द्या म्हणून मागे लागला. तोंडी दोनदा मागितलं, दोनदा नकार. मग लेखी अर्ज केला, डिव्हिजनचा प्रमुख जनरल बार्टनने नाइलाजाने सही केली. ६ जून १९४४ ला युटा बीचवर त्याच्या बोटी ठरलेल्या जागेपासून मैलभर दक्षिणेला लागल्या, तर हा काठी टेकत वाळूत फिरून जागा बघून आला आणि ठरवलं की इथूनच सुरू करायचं, पुढच्या लाटाही इथेच आणा. पहिल्या लाटेत समुद्रातून उतरलेला हा एकमेव जनरल. त्याच दिवशी त्याचा मुलगा, दुसरा क्वेंटिन, ओमाहा बीचवर उतरला.

आता उजवीकडच्या पानाला पण हाच कॉलम लावा, नाहीतर आपण नुसते भाट व्हायचो. फ्रँकलिन स्वतः कधी गणवेशात नव्हता, पहिल्या महायुद्धात खुर्ची सोडून भरती व्हायला निघाला होता पण वरून सांगितलं की इथेच बस. त्याचे चारही मुलगे दुसऱ्या महायुद्धात होते. मोठा जेम्स, याला १९३६ मध्ये वडिलांबरोबर दौऱ्यावर जायचं म्हणून एकदम मरीन कोरमध्ये लेफ्टनंट कर्नल केलं होतं, यावर टीका झाली आणि ती रास्तच होती. पण १९३९ मध्ये त्याने ती रँक सोडून कॅप्टन म्हणून सुरुवात केली, आणि ऑगस्ट १९४२ मध्ये कार्लसनच्या रेडर्सबरोबर, म्हणजे मरीनच्या छापामार तुकडीबरोबर, दोन नंबर म्हणून प्रशांत महासागरातल्या माकिन बेटावरच्या छाप्यात गेला, नेव्ही क्रॉस मिळाला. दोन्ही गोष्टी लिहा, एक लिहून दुसरी गाळू नका.

एलियटला १९४० मध्ये, ऐन निवडणुकीच्या तोंडावर, थेट कॅप्टन केलं तेव्हा विरोधकांनी "मलाही कॅप्टन व्हायचंय" असे क्लब काढले होते. हा पुढे टेहळणी विमानांच्या तुकड्यांचा चांगला कमांडर झाला. पण जानेवारी १९४५ मध्ये त्याचा ब्लेझ नावाचा भलामोठा कुत्रा सैनिकी विमानाने जास्त प्रायॉरिटीवर चालला होता, आणि सामानाला जागा हवी म्हणून सुट्टीवर निघालेल्या तीन सैनिकांना मेम्फिसला उतरवलं पण कुत्रा बसूनच राहिला. पेपरवाल्यांनी किती झोडपलं असेल कल्पना करा. त्याच सुमाराला त्याची ब्रिगेडियर जनरलची बढती सिनेटसमोर होती आणि ती मंजूरही झाली. कुत्र्याची गोष्ट मी वहीत वेगळ्या रंगाने लिहिलीय.

फ्रँकलिन ज्युनियर नौदलात, सिसिलीच्या मोहिमेत मेरँट या डिस्ट्रॉयरवर असताना हल्ल्यात जखमी खलाशाला उचलून नेल्याबद्दल सिल्व्हर स्टार. जॉन नौदलाच्या पुरवठा विभागात.

मुळाशी काय आहे

इतका पुढे जायचा सोस कुठून आला याचं एक उत्तर डाव्या पानाच्या अगदी वर आहे. टीआरचे वडील, थी, अमेरिकेच्या उत्तर आणि दक्षिण राज्यांमधल्या यादवी युद्धात उत्तरेकडून लढले नाहीत. कायद्याने पैसे देऊन आपल्या जागी बदली माणूस पाठवता यायचा, श्रीमंतांनी तेच केलं, थीनेही केलं. कारण घरातच होतं: बायको मिटी जॉर्जियाची, माहेर पक्कं दक्षिणेचं, तिचा एक भाऊ इंग्लंडमध्ये बसून दक्षिणेसाठी जहाजं बांधून घेत होता, त्यातलंच एक ते प्रसिद्ध अलाबामा, आणि दुसरा भाऊ त्याच अलाबामावर अधिकारी. थीने मग सैनिकांच्या पगारातला काही भाग परस्पर घरी पाठवायची योजना उभी केली, लिंकनने नेमलं, थंडीवाऱ्यात छावण्या फिरून सैनिकांकडून सह्या घेतल्या. काम मोठंच होतं. पण टीआरच्या बहिणीचं म्हणणं असं की वडील लढले नाहीत हे त्याला आयुष्यभर लागून राहिलं. मला हे पटतं. हां, पण हे मत आहे, म्हणून वहीत हे पेन्सिलीने, फिकट.

पदकं वाचताना

पदकाचं नाव लिहून थांबू नका, मानपत्राचा मजकूर काढून वाचा, मेडल ऑफ ऑनरची, म्हणजे अमेरिकेच्या सर्वोच्च शौर्यपदकाची मानपत्रं ऑनलाइन सहज मिळतात. टेडच्या मानपत्रात तोंडी दोन विनंत्या नाकारल्या आणि लेखी मंजूर झाली हे स्वच्छ लिहिलंय, म्हणजे आपला वशिल्याचा कॉलम सरकारी कागदानेच भरून निघतो. पण "युद्ध इथूनच सुरू करू" हे त्याचं जे वाक्य सगळीकडे फिरतं ते मानपत्रात नाही, ते आठवणींमधून आलंय. वापरायचं तर "असं म्हणाला म्हणतात" एवढं जोडा.

टीआरच्या बाबतीत उलटं. मानपत्रात सॅन वान टेकडी म्हटलंय, पण घोड्यावरून केलेली ती गाजलेली चढाई शेजारच्या केटल टेकडीवरची, सॅन वानवर तो नंतर पायी गेला. आणि तिथे रफ रायडर्स एकटे नव्हते, नियमित सैन्याच्या तुकड्या होत्या, त्यात कृष्णवर्णीय सैनिकांची नववी आणि दहावी घोडदळ रेजिमेंट पण होती, मदतीला गॅटलिंग गन्स होत्या. ही माणसं चित्रांतून गायब होतात. एक ओळ त्यांच्यासाठी ठेवाच.

तारीख पण बघा. टीआरचं मेडल १८९८ ला सुचवलं गेलं आणि तेव्हा मिळालं नाही, युद्धमंत्री अल्जर त्याच्यावर चिडलेला होता, कारण क्यूबात सैनिक तापाने मरतायत त्यांना घरी न्या असं पत्र टीआर आणि इतर अधिकाऱ्यांनी लिहिलं आणि ते पेपरात आलं. शेवटी दिलं १६ जानेवारी २००१ ला, क्लिंटनच्या कारकिर्दीच्या शेवटच्या आठवड्यात, म्हणजे टेडला १९४४ ला मिळालं त्याच्या ५६ वर्षांहून जास्त काळानंतर! मुलाला आधी, बापाला नंतर. बापलेक दोघांनाही मेडल ऑफ ऑनर अशा जोड्या दोनच, एक ही आणि दुसरी जनरल डग्लस मॅकआर्थर आणि त्याच्या वडिलांची. त्यात टीआरकडे १९०६ चं शांततेचं नोबेलही आहे, रशिया-जपान युद्ध मिटवल्याबद्दल.

निवडणुका आणि भाऊबंदकी

राजकारणाचा कॉलम मी थोडक्यात ठेवते कारण तो कुठेही मिळतो. काँग्रेसच्या सभासदांची अधिकृत चरित्र-डिरेक्टरी ऑनलाइन आहे, तिथे आडनाव टाकलं की सालं पक्की मिळतात, उदाहरणार्थ जेम्स कॅलिफोर्नियातून १९५५ ते १९६५, फ्रँकलिन ज्युनियर न्यूयॉर्कमधून १९४९ ते १९५५. टीआर न्यूयॉर्कचा गव्हर्नर, मग उपराष्ट्राध्यक्ष, मग राष्ट्राध्यक्ष मॅकिन्लेची हत्या झाल्यावर १४ सप्टेंबर १९०१ ला ४२ व्या वर्षी राष्ट्राध्यक्ष, १९०९ पर्यंत. फ्रँकलिन १९३३ ते १२ एप्रिल १९४५, चार वेळा निवडून आला, १९२१ च्या पोलिओनंतर हे विसरू नका.

पण भांडणं मात्र नक्की लिहा. १९२० मध्ये फ्रँकलिन उपराष्ट्राध्यक्षपदाला उभा होता तर रिपब्लिकनांनी टेडला त्याच्या मागावर सोडलं, आणि टेड म्हणाला की हा मोकाट वासरू आहे, याच्यावर आमच्या घराण्याचा डाग नाही. डाग म्हणजे गुरांना देतात तो. १९२४ ला टेड न्यूयॉर्कच्या गव्हर्नरपदाला उभा राहिला. तेव्हा टीपॉट डोम (टीपॉट म्हणजे चहाची किटली) या तेलघोटाळ्याचा गवगवा होता, टेडवर गुन्हा काही नव्हता पण त्याच्या खात्याच्या तेलसाठ्यांचं ते प्रकरण. एलिनॉरने, म्हणजे त्याच्या सख्ख्या चुलत बहिणीने, गाडीवर भलीमोठी चहाची किटली बसवली आणि ती राज्यभर त्याच्या मागे मागे फिरली. टेड अल स्मिथकडून हरला. तिला नंतर वाटलं की हे जरा अतीच झालं. बायकांचा स्वतंत्र कॉलम का हवा ते इथे कळतं, नाहीतर एलिनॉर नुसती "पत्नी" म्हणून उरते, आणि १९४३ चा तिचा युद्धातल्या प्रशांत महासागरातल्या ग्वाडलकनाल बेटापर्यंतचा दौरा, संयुक्त राष्ट्रांच्या १९४८ च्या मानवी हक्क जाहीरनाम्याच्या आयोगाचं अध्यक्षपद हे सगळं लटकत राहतं. टीआरची मुलगी एथेल १९१४ मध्येच पॅरिसच्या हॉस्पिटलात नर्स म्हणून गेली होती, भावांच्या तीन वर्षं आधी, हे किती जणांना माहितीये?

कागद कुठे शोधायचे आणि कुठे फसायला होतं

टीआरचे कागद लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये आहेत आणि स्कॅन केलेले घरबसल्या बघता येतात, अक्षर लावायला थोडी सवय लागते. फ्रँकलिनचे हाइड पार्कच्या लायब्ररीत, त्याने स्वतः हयातीतच, १९४१ मध्ये सुरू केलेली. सैनिकी फायली सेंट लुइसच्या सरकारी दफ्तरखान्यात. सेवा संपून ६२ वर्षं झाली की फाइल कोणालाही मागता येते, पण १२ जुलै १९७३ ला तिथे मोठी आग लागली आणि १ कोटी ६० लाख ते १ कोटी ८० लाख फायली गेल्या. त्यात १९१२ ते १९६० दरम्यान आर्मीतून सुटलेल्यांच्या सुमारे ८० टक्के होत्या. नौदल आणि मरीनच्या फायली आग लागलेल्या मजल्यावर नव्हत्या, वाचल्या. त्यामुळे या काळातल्या कुठल्याही आर्मीवाल्याची फाइल मिळेलच असं धरून बसू नका, युनिटचे रोजचे रिपोर्ट, मानपत्रं, घरची पत्रं यांवरून जुळवावं लागतं.

आणि सरकारी कागद म्हणजे ब्रह्मवाक्य नाही. कर्मिट, ब्रिटिशांकडून दोन्ही युद्धांत लढलेला, पुढे दारूत बुडाला. फ्रँकलिनने त्याला अलास्कात पाठवलं. ४ जून १९४३ ला तिथे त्याने स्वतःला गोळी मारून घेतली. आईला सांगितलं हृदयविकार, बाहेरही तेच. बरीच वर्षं छापलं गेलं तेच. असं काही दिसलं की वहीत दोन्ही नोंदी एकाखाली एक लिहायच्या, आधी काय सांगितलं आणि नंतर काय कळलं.

टेडबद्दल पण एक चूक सगळीकडे दिसते, तो बीचवर मेला असं. नाही, तो १२ जुलै १९४४ ला, महिन्याभराने, छावणीत हृदयविकाराने गेला. त्याला ९०व्या डिव्हिजनची कमान द्यायचं ठरत होतं, ती बातमी त्याच्यापर्यंत पोचलीच नाही.

जहाजांवरून नावं पाठ करत असाल तर सांभाळून. विमानवाहू थिओडोर रूझवेल्ट, १९८६ पासून, ही टीआरची. विमानवाहू फ्रँकलिन डी. रूझवेल्ट १९४५ मध्ये सेवेत आली, ती आता नाही. आणि नुसतं रूझवेल्ट नावाचं डिस्ट्रॉयर, २००० सालचं, ते फ्रँकलिन आणि एलिनॉर दोघांच्या नावाने.

जायला मिळालं तर ऑयस्टर बेचं सॅगमोर हिल हे टीआरचं घर बघा. सँटियागोच्या लढाईत त्याच्याकडे होतं ते रिव्हॉल्व्हर, जे बुडालेल्या मेन जहाजातून काढलेलं होतं, ते तिथून १९९० मध्ये चोरीला गेलं आणि २००६ मध्ये परत मिळालं. क्वेंटिनच्या थडग्यावरचा मूळ दगडही आता तिथेच आहे, कारण तो स्वतः १९५५ मध्ये हलवला गेला. जर्मनांनी त्याला शामेरीला सन्मानाने पुरलं होतं, दुसऱ्या महायुद्धानंतर घरच्यांनी त्याला नॉर्मंडीत पुरलेल्या भावाशेजारी, टेडशेजारी न्यायला सांगितलं. नॉर्मंडीच्या अमेरिकन कब्रस्तानात दुसऱ्या महायुद्धातल्या हजारो क्रॉसांमध्ये पहिल्या महायुद्धातला तो एकटा. घरी बसून शोधायचं तर अमेरिकेच्या युद्धस्मारक आयोगाच्या साइटवर आडनाव टाका: टेड प्लॉट डी, रांग २८, कबर ४५, त्याच्या क्रॉसवरची अक्षरं सोनेरी आहेत, मेडल ऑफ ऑनरवाल्यांची तशी असतात. क्वेंटिन ४६, साधी अक्षरं. मी ज्या दोन क्वेंटिनांना एक करून ठेवलं होतं त्यातला पहिला तो हाच.